माणूस एक, नोंदी तीन: वडाळ्याच्या दोन कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था,
आणि
मा. प्रमुख, मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था,
अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय आवार, वडाळा (पश्चिम), मुंबई.

विषय: एचआयव्ही कार्यक्रमातल्या दुबार नोंदी.



तुम्हा दोघांना एकच पत्र लिहिते आहे, कारण तुमचा पत्ताही जवळजवळ एकच आहे. वडाळ्याच्या एकाच आवारात राज्याची संस्था बसते आणि मुंबईचीही. मुंबई शहर आणि उपनगर एकीकडे, उरलेला महाराष्ट्र दुसरीकडे. कारभारासाठी ही वाटणी सोयीची असेल. पण नालासोपाऱ्यात राहणारा, अंधेरीत कामाला जाणारा, शहरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात रक्त तपासलेला आणि ठाण्याच्या सिव्हिलमधून गोळ्या नेणारा माणूस दहिसरच्या नाक्यावर आपली ओळख बदलत नाही. कागदावर मात्र त्याची दोन माणसे होतात, कधी तीन.

मतदार यादीत दुबार नावे सापडली की वर्तमानपत्रांत मथळे येतात. ती यादी निदान भिंतीवर लावता येते, हरकती मागवता येतात. तुमच्याकडची यादी भिंतीवर लावायची नाही, कुणी पाहायची नाही, आणि तेच योग्य आहे. म्हणूनच ती आतून स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी दुप्पट होते. बाहेरचे कुणी चूक दाखवायला येणार नाही.

मी या कार्यक्रमात समुपदेशक म्हणून काम केले आहे. आता त्यात नाही, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहिते.

दुबार नोंद कशी जन्माला येते, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात सून म्हणून आलेली मुलगी तिसऱ्या महिन्यात ग्रामीण रुग्णालयात जाते. गर्भवतीच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्हीची तपासणी होते आणि ती पॉझिटिव्ह येते. रजिस्टरमध्ये तिचे नाव लागते स्नेहल प्रकाश मोरे. जवळच्या एआरटी सेंटरमध्ये तिचे उपचार सुरू होतात. सातव्या महिन्यात ती रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, लातूर जिल्ह्यात. तिथे तिला सगळे सुमन म्हणून ओळखतात. आधार कार्ड अजून माहेरच्याच नावाचे आहे: सुमन विठ्ठल जाधव. सोबत आई आहे आणि आईला काही माहीत नाही. ग्रीन बुक, म्हणजे तिच्या उपचारांची वही, सासरी पेटीच्या तळाशी आहे. तिथल्या रुग्णालयात पुन्हा रक्त घेतात, पुन्हा पॉझिटिव्ह, पुन्हा नवी नोंद.

आता संगणकात दोन बायका आहेत. स्नेहल मोरे सलग तीन महिने औषध न्यायला आली नाही, म्हणून ती एलएफयू, म्हणजे उपचारातून सुटलेली. सुमन जाधव नव्याने सापडलेली आणि उशिरा सापडलेली गर्भवती. पहिल्या केंद्राच्या हिशेबी एक बाळ बेपत्ता आहे: त्याला जन्मल्याबरोबर सिरप मिळाले का, सहाव्या आठवड्यात टाचेचे रक्त घेऊन तपासणी झाली का, काहीच कळत नाही. मग ती सव्वा महिन्यानंतर सासरी परतते. आता दुसऱ्या केंद्राच्या हिशेबीही ते बाळ बेपत्ता होते. अठराव्या महिन्यातली शेवटची तपासणी कुणाच्या वहीत लागणार, हे नशिबावर. आई एक, बाळ एक, उपचारही बहुधा फारसे न खंडता चालू. अहवालात मात्र दोन संसर्गित माता, दोन हरवलेली बाळे आणि एक निष्काळजी रुग्ण.

यात नाव बदलले, वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव बदलले, गाव बदलले, तालुका बदलला. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची चाल अजून गेलेली नाही. परदेशात बनवलेल्या नोंद जुळवणीच्या कोणत्याही सूत्रात हे धरलेले नसते. ते आपल्यालाच धरावे लागेल.

दुसरा मोठा प्रवाह ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि अहिल्यानगरकडच्या कोयत्यांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि पुढे कर्नाटकात जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. नवराबायकोची जोडी मुकादमाच्या उचलीत बांधलेली असते. गोळ्या संपल्या म्हणून एक दिवस गावी परतायचे, तर खाडा पडतो. मग कारखान्याच्या जवळचे केंद्र गाठायचे. तिथे बदलीचे पत्र मागतात. पत्र आणलेले नसते, कारण ते आणायचे तर आधीच्या केंद्रात 'कुठे जाणार, किती दिवस' हे सांगावे लागले असते. अशा वेळी सर्वांत सोपी वाट कोणती? नवा रुग्ण म्हणून उभे राहायचे. दरवर्षी हा फेरा होत असेल तर एका माणसाच्या किती नोंदी होतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. मध्ये काही महिने औषध सोडलेला माणूस जुन्या केंद्रात परत जायला घाबरतो. 'का सोडलं? पुन्हा तेच का?' हे चारचौघांत ऐकून घेण्यापेक्षा दुसऱ्या तालुक्यात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करणे त्याला परवडते. आणि चौथे कारण आशेचे. पहिल्या तपासणीवर कुणाचाच विश्वास बसत नाही. माणूस दुसरीकडे जातो, नाव थोडे बदलून सांगतो, वय दोन वर्षांनी कमी करतो आणि अहवाल वेगळा येईल म्हणून वाट पाहतो. या खोटेपणाला मी कधी खोटेपणा म्हटले नाही. पण आकडेवारीच्या दृष्टीने तो आणखी एक नवा रुग्ण झालेला असतो.

'सोच' या संगणकप्रणालीमुळे हे सगळे थांबेल, असे आपल्याला सांगितले गेले. प्रणाली चांगली आहे. पूर्वी केंद्रे महिन्याच्या महिन्याला नुसत्या बेरजा पाठवत, आता माणसागणिक नोंद होते, प्रत्येकाला क्रमांक मिळतो, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बदली टाकता येते. पण तो क्रमांक तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा समोरचा माणूस सांगतो की माझी आधी कुठे तरी नोंद आहे. जो सांगत नाही, किंवा ज्याला सांगता येत नाही, त्याला प्रणाली आनंदाने नवा क्रमांक देऊन मोकळी होते.

याने नेमके काय बिघडते? पंगतीत एकाच माणसाची दोन पाने मांडली की जेवणारे जास्त दिसतात आणि त्याच वेळी एक पान उष्टे न होता उरते. आपल्या आकडेवारीचेही असेच दोन्ही बाजूंनी बिघडते. एक सोपा, मनाने केलेला हिशेब मांडते. समजा एका जिल्ह्यात अंदाजे १,०५० संसर्गित माणसे आहेत. नोंदी १,०००. त्यातले ८०० नियमित औषध घेतात, २०० एलएफयू आहेत. आता या २०० पैकी ६० जण असे निघाले, की जे त्या ८०० मध्येच दुसऱ्या नोंदीने बसले आहेत. मग खरी माणसे ९४०.

जुळवणीच्या आधी चित्र असे होते: १,०५० पैकी १,००० जणांना आपला संसर्ग माहीत आहे, म्हणजे ९५ टक्के, संयुक्त राष्ट्रांच्या ९५-९५-९५ या त्रिसूत्रीतले पहिले उद्दिष्ट फत्ते! आणि उपचारावर टिकलेले ८० टक्के, म्हणजे दुसऱ्या उद्दिष्टात नापास. जुळवणीनंतर पहिला आकडा ८९-९० टक्क्यांवर घसरतो आणि दुसरा ८५ वर चढतो. म्हणजे ज्या जिल्ह्याने तपासण्या वाढवायला हव्या होत्या, तो शाबासकी घेऊन बसला आणि तिथल्या एआरटी सेंटरच्या कर्मचाऱ्यांना मात्र 'रुग्ण का टिकत नाहीत' म्हणून आढावा बैठकीत उभे केले गेले. दुबार नोंदी आकडे नुसते फुगवत नाहीत. त्या चुकीच्या माणसाला दोष आणि चुकीच्या कामाला पैसा देतात.

या देशाने मोजणीतल्या चुकीची किंमत एकदा पाहिली आहे. २००७ साली भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज ५० लाखांहून अधिक होता तो एकदम सुमारे २५ लाखांवर आला. तिथे कारण दुबार नोंदींचे नव्हते, नमुना निवडण्याच्या पद्धतीचे होते. घरोघरच्या पाहणीचे आकडे हाती आल्यावर जुना अंदाज टिकला नाही. आजही देशाचा अंदाज २५ लाखांच्या आसपास आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, जवळजवळ चार लाख. पण आता फरक असा, की आपण अंदाजांकडून हळूहळू प्रत्यक्ष नोंदींकडे सरकत आहोत. निनावी रक्तनमुन्यांवर चालणाऱ्या पाहणीत दुबार नोंदीचा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटतो. माणसागणिक नोंदीवर देखरेख उभी करायची, तर त्या नोंदीमागे माणूस एकच आहे याची खात्री आधी हवी.

आकड्यांपेक्षाही मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. एलएफयूची यादी काढली की ती ओआरडब्ल्यूच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या क्षेत्रकार्यकर्त्याच्या, हातात जाते. तो किंवा ती गाडीवर बसून गावात जाते, पत्ता विचारत विचारत. गावात अनोळखी माणूस एखाद्या सुनेची चौकशी करत आला, की पारावर बसलेल्यांना काही सांगावे लागत नाही. कार्यकर्ते कितीही जपून वागले, 'बचत गटाचं काम आहे' म्हणाले, तरी दुसऱ्या खेपेला कुजबुज सुरू होते. आता ही बाई खरोखरच औषध सोडून बसली असेल, तर ही जोखीम पत्करण्याला अर्थ आहे, कारण तिचा जीव वाचतो. पण ती जर माहेरच्या तालुक्यातून नियमित गोळ्या घेत असेल, तर आपण एका चुकीच्या यादीपायी तिचे गुपित धोक्यात घातले. वरच्या हिशेबातले ते ६० जण म्हणजे अशी ६० दारे.

म्हणजे नोंदी जुळवायला हव्यात. पण कशा, हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण दोन वेगळ्या माणसांना एक समजणे हे एका माणसाला दोन समजण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. संतोष पवार नावाच्या दोन माणसांची नोंद एक केली, तर एकाचा व्हायरल लोड दुसऱ्याच्या कार्डावर चढतो. एकाच्या औषधाला विषाणू दाद देत नसतो आणि कार्ड म्हणते सगळे उत्तम. त्यातला एक वारला, तर दुसरा जिवंतपणी यादीतून जातो.

नोंद जुळवणीचे शास्त्र यावर एक साधे उत्तर देते. कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी १९६९ साली ते गणितात बसवले: प्रत्येक जुळणीला सारखे वजन देऊ नका. जी गोष्ट दुर्मीळ, ती जुळली तर वजन जास्त. जी सर्रास आढळते, ती जुळली तरी फारसे काही सिद्ध होत नाही. आता हे महाराष्ट्राला लावून पाहा. आपल्याकडे १ जून हा लाखो लोकांचा कागदोपत्री वाढदिवस आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. दिल्लीत किंवा परदेशात बसवलेल्या सूत्राला दोन नोंदींत १ जून जुळले की ते भक्कम पुरावा वाटेल. आपल्याला माहीत आहे की तो पुरावाच नव्हे. पवार, जाधव, शिंदे यांचेही तसेच. उलट एखादे विरळ आडनाव, माहेरच्या छोट्या वाडीचे नाव, पाठोपाठच्या दोन बाळंतपणांची वर्षे, या गोष्टी जुळल्या तर कान टवकारावेत.

नावांच्या स्पेलिंगचेही पाहा. इंग्रजी नावांच्या उच्चारावरून संकेतांक बनवणारी 'साउंडेक्स' ही पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली पेटंट केली आणि ती आजही तिथल्या एचआयव्ही देखरेखीत वापरात आहे. लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत 'एक्स' घालून लिहा किंवा 'के-एस-एच' घालून, साउंडेक्स दोन्हींना एल-२५० हाच संकेत देते. छान. पण ज्ञानेश्वर घ्या. एका केंद्रात त्याचे स्पेलिंग 'डी-एन-वाय' ने सुरू होते, दुसऱ्या केंद्रात हिंदी भाषक डेटा ऑपरेटर ते 'जी-वाय' ने लिहितो. पहिल्याचा संकेत डी-५५२, दुसऱ्याचा जी-५२६. या पद्धतीत पहिले अक्षर जसेच्या तसे राहते, त्यामुळे हे दोन ज्ञानेश्वर कधीच भेटणार नाहीत. सांगली-मिरजेचा रुग्ण सीमेपलीकडे बेळगावात गेला, की नाव कन्नडमधून इंग्रजीत उतरते आणि त्याचे तिसरेच काही होते. हे काम परक्या सूत्रावर सोडता येत नाही ते यासाठी. ते आपल्या नावांसाठी, आपल्या माणसांनी घडवायला हवे.

इथे कुणी तरी म्हणणारच: एवढी डोकेफोड कशाला, आधार जोडा आणि विषय संपवा. बैठकीत हे वाक्य फार आकर्षक वाटते. पण समोर बसलेल्या माणसाच्या बाजूने विचार करा. तोच क्रमांक त्याच्या बँकेत आहे, रेशन दुकानात आहे, मोबाइलच्या सिमला आहे, मुकादमाकडे त्याची झेरॉक्स आहे. ज्याला आपले दुखणे घरातही सांगता येत नाही, त्याला तुम्ही म्हणता की हाच क्रमांक इथेही दे. काही जण देतील. काही जण दारातूनच परत फिरतील आणि ते कोणत्याही यादीत दिसणार नाहीत. दुबार नोंद निदान सापडू शकते. न झालेली नोंद सापडत नाही.

ही भीती हवेतली नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या दारी पोलीस आले. तो नियमित रक्तदाता होता. दान केलेल्या रक्तात संसर्ग आढळला, ती माहिती त्याला कळण्याआधी यंत्रणेला कळली आणि तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने त्याला म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याचा गुन्हा एवढाच, की रक्तपेढीच्या वहीत त्याचे नाव होते. आणखी आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात रोजंदारीवरच्या एका कामगाराचा खटला चालला. संसर्ग आहे म्हणून त्याला कामावर घेणे नाकारले गेले होते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि निकालपत्रात त्याचे नाव येऊ दिले नाही; तो खटला आजही 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणूनच ओळखला जातो. आणि तुम्ही ज्या आवारात बसता, ते १८९० साली कशासाठी उभे राहिले हे मी तुम्हाला सांगायला नको. कुष्ठरोग्यांना शहराच्या नजरेआड ठेवण्यासाठी.

म्हणून २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा हाच या कामाचा पाया असला पाहिजे. सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या आठव्या कलमाने संमतीशिवाय कुणाचाही संसर्ग उघड करायला बंदी केली, अकराव्या कलमाने नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली. त्याच वेळी या कायद्याने उपचार करणाऱ्यांनी एकमेकांत माहिती देण्याची आणि कार्यक्रमाच्या देखरेखीची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे जुळवणीला कायद्याची आडकाठी नाही. ती बेफिकिरीने करण्याला आहे.

इतरांनी काय केले? अमेरिकेतल्या काही राज्यांनी सुरुवातीला नावाऐवजी नुसत्या संकेतांकावर एचआयव्हीची नोंद ठेवून पाहिली. दुबार नोंदी निस्तरेनात, तेव्हा २००८ पर्यंत सगळी राज्ये नावनिशीवर आली. पण ती नावे राज्यातच राहतात. केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेकडे, म्हणजे सीडीसीकडे, जातो तो नावाचा संकेत, जन्मतारीख आणि अशाच काही गोष्टी. दोन राज्यांत एकसारखी नोंद दिसली, की सीडीसी दोघांना कळवते आणि ती राज्ये आपसात खात्री करून घेतात. बराच काळ हे काम फोनवरून, एकेका नोंदीसाठी चालत असे.

त्यात वॉशिंग्टन शहराची अडचण आपल्या मुंबईसारखीच. शहर एका प्रशासनात, पण त्याची वस्ती शेजारच्या मेरिलँड आणि व्हर्जिनियात पसरलेली. राहणे एकीकडे, नोकरी दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे. तिथल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१५ च्या सुमारास या तिघांसाठी एक बंद पेटी तयार केली. तिन्ही आरोग्य विभागांनी आपापल्या नोंदी त्या संगणकात टाकायच्या, आत काय चालले ते विद्यापीठातल्याही कुणी पाहायचे नाही, जुळवणी झाली की प्रत्येक विभागाला फक्त त्याच्याच रुग्णांबद्दलचा निकाल परत मिळायचा. पहिल्या चाचणीत सुमारे १ लाख ६१ हजार नोंदी टाकल्या गेल्या आणि काही मिनिटांत २१ हजारांहून अधिक जुळण्या निघाल्या. तीन प्रशासनांनी वर्षानुवर्षे वेगवेगळी मोजलेली माणसे!

त्यांच्यासमोर तीन कायदे होते. तुम्ही दोघे एका राज्यात, एका कायद्याखाली, एका आवारात आहात.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत.

पहिली: मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या पट्ट्यासाठी दोन्ही संस्थांचा मिळून एक जुळवणी कक्ष सुरू करा. नोंदी एकमेकांच्या हाती देऊ नका. बंद पेटीची पद्धत वापरा, निकाल ज्याचा त्याला द्या, काम झाले की आतले पुसून टाका. हे जमले की बीड-सांगली-कोल्हापूर आणि मग नॅकोमार्फत, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेमार्फत, कर्नाटक व गुजरात.

दुसरी: मराठी नावांचा तक्ता बनवा. एका नावाची किती स्पेलिंगे प्रत्यक्ष वापरात आहेत, कोणती आडनावे सर्रास आणि कोणती विरळ, हे तुमच्याच नोंदींतून, ओळख पुसून, काढता येईल. १ जूनचे वजन शून्यावर आणा. 'अंदाजे ३५' असे वय लिहिलेले असेल तर दोन-तीन वर्षे मागेपुढे चालवून घ्या. स्त्रियांच्या नोंदीत माहेरचे नाव आणि माहेरचे गाव विचारण्याची सोय करा, पण ते सांगणे तिच्या मर्जीवर ठेवा आणि का विचारता ते आधी सांगा.

तिसरी: यंत्राने तीन गठ्ठे करावेत. निर्विवाद जुळणाऱ्या नोंदी, निर्विवाद वेगळ्या, आणि मधल्या शंकास्पद. मधला गठ्ठा कधीही आपोआप एक करू नका. तो दोन्ही केंद्रांच्या समुपदेशकांकडे जाऊ द्या. रुग्ण पुढच्या वेळी औषधाला येईल तेव्हा, बंद दाराआड, त्यालाच विचारता येते. त्याने नाही म्हटले तर नाही. हे काम करणारी माणसे कंत्राटी आहेत, त्यांच्यावर आधीच रजिस्टरांचा डोंगर आहे. वेळ आणि माणूस दिल्याशिवाय हे कागदावरच राहील.

चौथी: कोणतीही एलएफयू यादी जुळवणी केल्याशिवाय गावात पाठवू नका. हे उद्यापासून करता येण्यासारखे आहे आणि त्याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

पाचवी: परत आलेल्याला रागावणे बंद करा. जुनी नोंद सांगितली तर शिक्षा आणि नवी केली तर सोय, असे जोवर राहील तोवर लोक नव्याच नोंदी करतील. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला हंगामाआधी जास्त महिन्यांच्या गोळ्या आणि कारखान्याकडच्या केंद्राची बदली एकाच भेटीत मिळाली पाहिजे. दुबार नोंदीवर याहून स्वस्त इलाज नाही.

सहावी: जुळवणीतून निघालेली माहिती उपचार आणि मोजणी यांखेरीज कुठेही जाणार नाही, पोलिसांकडे नाही, कल्याण योजनांच्या कार्यालयात नाही, कुणाच्या मालकाकडे नाही, हे लेखी जाहीर करा. देखरेख समितीत एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी घ्या, नुसते आमंत्रित म्हणून नव्हे, मताधिकारासह.

आणि सातवी: निकाल छापा. जिल्हानिहाय किती नोंदी दुबार निघाल्या, किती एलएफयू प्रत्यक्षात उपचारावर होते, किती जुळण्या चुकीच्या ठरल्या. आकडे खाली आले म्हणून लाजू नका. पहिल्या वर्षी काही जिल्ह्यांची पहिल्या उद्दिष्टातली टक्केवारी नक्की घसरेल. त्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना त्याबद्दल जाब विचारू नये, असे परिपत्रक आधीच काढा, नाहीतर जुळवणी कुणीच मनापासून करणार नाही.

यातले काही करायला दिल्लीची परवानगी लागेल, काहीला निधी. तो मागण्याचा हक्क देशात सर्वाधिक रुग्णसंख्या असलेल्या राज्याला नाही, तर कुणाला आहे? पण पहिल्या बैठकीला काहीच लागत नाही. तुमच्या दोन्ही कार्यालयांतले डेटा पाहणारे दोघे-चौघे एका टेबलाशी बसले, की सुरुवात होते. ती याच महिन्यात करावी आणि केल्याचे जाहीर करावे, ही विनंती.

आपली,
या कार्यक्रमातली एक माजी समुपदेशक